देवळाबाहेर पडलेलीं गाणीं

नाताळ म्हटला कीं आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें शृंगारलेला वृक्ष, भेटकार्डें आणि डिकन्सची गोष्ट उभी राहते, आणि हा सर्व थाट इंग्लंडांत अनादि कालापासून चालत आला असावा असा समज होतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. १६४७ सालीं प्युरिटनांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटानें हा सण कायद्यानें बंद केला. त्याच डिसेंबरांत कँटरबरी येथें लोकांनीं त्याविरुद्ध दंगा केला. आणि १६६० मध्यें राजसत्ता परतली तेव्हां सणही उजळ माथ्यानें परतला. डिकन्सची गोष्ट आणि पहिलें छापील कार्ड हीं दोन्ही १८४३ सालचीं. वृक्षाची चाल घरोघर पसरली ती १८४८ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचें चित्र एका सचित्र साप्ताहिकांत आल्यानंतर. शेजारच्या स्कॉटलंडांत तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पर्यंत नव्हती. सण टिकतो तो आपोआप नव्हे. कोणी तरी तो धरून ठेवतो म्हणून टिकतो.

हा धरून ठेवण्याचा प्रकार आम्हीं जवळून पाहिला तो शेफील्डच्या आसमंतांत. अध्ययनाच्या निमित्तानें आम्ही कांहीं वर्षें त्या पोलादाच्या शहरीं राहिलों. पश्चिमेस व उत्तरेस टेकड्यांवर स्टॅनिंग्टन, डंगवर्थ, वॉरल अशीं खेडीं आहेत. तेथें महायुद्धाच्या स्मरणदिनानंतरच्या रविवारापासून, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून, २६ डिसेंबरपर्यंत गांवकरी एकत्र जमून नाताळचीं गाणीं गातात. मात्र तीं देवळांत नव्हे, मद्यगृहांत! हें वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. म्हणून ह्या स्थलांतराची हकीकत सांगणें अवश्य आहे.

पूर्वीं इंग्रजी देवळांत धर्मपीठाची मान्यता मुख्यतः बायबलांतील स्तोत्रांस असे. १७०० सालीं राजकवि नेहम टेट ह्यानें रचलेलें एक गीत अधिकृत स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणींत आलें. रात्रीं मेंढरें राखणाऱ्यांस देवदूतानें येशूजन्माची वार्ता सांगितली, हा त्याचा विषय. आणि पुष्कळ वर्षें देवळांत गाण्यास मोकळीक असलेलें नाताळगीत तेवढें एकच होतें. शब्द बदलण्याची सोय नाहीं, तेव्हां गांवोगांवच्या गवयांनीं आपली हौस चालींवर भागविली. देवळाच्या पश्चिम सज्ज्यांत बसून फिडल, क्लॅरिनेट, बसून ह्या वाद्यांच्या साथीवर हे लोक गात. ते कोणी संगीताचे पदवीधर नव्हते. कँटरबरीचा टॉमस क्लार्क धंद्यानें मोची. त्याची १८०५ सालची एक चाल पुढें ह्या गीतासच चिकटली.

मग सुधारणेचें वारें वाहूं लागलें. १८३३ मध्यें ऑक्सफर्ड येथें सुरू झालेल्या चळवळीच्या प्रभावानें उपासनेंत गांभीर्य आणि टापटीप यावी असें धर्मगुरूंस वाटूं लागलें. सज्जे पाडले गेले, फिडलवाल्यांच्या जागीं ऑर्गन आला, आणि १८६१ च्या नव्या स्तोत्रसंग्रहानें टेटच्या गीतास एक ठरीव चाल लावून दिली. ह्या उच्चाटनाचें दुःख हार्डीनें १८७२ च्या आपल्या कादंबरींत चितारलें आहे. बहुतेक ठिकाणीं जुन्या चाली मेल्या. शेफील्डच्या खेड्यांनीं मात्र त्या उचलून मद्यगृहांत नेल्या, आणि तेथें त्या बापाकडून लेंकास मिळत राहिल्या.

त्या बैठकींत आम्ही कित्येक रविवार बसलों आहों. खोली ठेंगणी, गर्दी दाट, खिडक्यांवर वाफ धरलेली. कोणी पियानोवर बसे. पुरुष एक ओळ उचलीत, बायका ती मागून झेलीत, आणि टेटचें तेंच गीत एका दुपारीं तीनचार चालींवर होई. कोणाच्या हातीं पुस्तक क्वचितच दिसे. आमचा धर्म कोणता हें कोणीं विचारलें नाहीं. जागा करून दिली आणि खालचा सूर धरा असें सांगितलें, एवढेंच.

स्वदेशीं परतल्यावर डिसेंबर लागला कीं मनाची जी ओढ होते, तिचा आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. येशूजन्मावर आमची श्रद्धा नव्हे, आणि तेथील थंडी तर मुळींच प्रिय नव्हे. आठवण येते ती त्या जागेची. परक्या गांवांत माणूस पाहुणा म्हणून वर्षें काढूं शकतो; परंतु सामुदायिक गाण्यांत त्याचा सूर मिसळला कीं तेवढ्यापुरता तो गांवकरी होतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. हुरहूर आम्हांस लागते, त्या गाणाऱ्यांस नव्हे. ते गतकालाच्या मोहानें गात नाहींत. रविवार आला म्हणून गातात. परंपरा आणि परंपरेची आठवण ह्यांतील अंतर हेंच.

येथें आपल्या घराकडे दृष्टि वळते. गिरणी आली आणि जातें थांबलें, तेव्हां जात्यावरच्या ओव्याही जागेवरून उठल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां ह्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपल्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या, हे त्यांचे महाराष्ट्रावर थोर उपकार आहेत. परंतु टिपलेली ओवी संग्रहांत राहते, गळ्यांत नव्हे. शेफील्डच्या चालींस देऊळ सुटल्यावर दुसरी खोली मिळाली. आमच्या ओवीस जातें सुटल्यावर आम्हीं कोणती खोली दिली? अजून ज्यांना ओव्या मुखोद्गत आहेत अशा आज्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्या नातींनीं शेजारीं बसून खालचा सूर धरला, तर पुढील पिढीस केवळ हुरहूर वारशानें मिळणार नाहीं.