मिठाची चिमूट, गुळाची मूठ

पावसाळा सुरू झाला की वाडीवस्तीवर जुलाबाचे पेशंट वाढतात आणि आशाताईंच्या पिशवीतून ओआरएसच्या पुड्या बाहेर पडतात. आपल्याला ही पुडी साधी वाटते. पण ती आपल्या घरापर्यंत आली, त्यामागे डॉक्टरांइतकाच खेड्यातल्या बायकांचाही वाटा आहे. आज आपण तो इतिहास ऐकू.

1971 साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, युद्ध पेटलं. लाखो माणसं जीव मुठीत धरून पश्चिम बंगालमध्ये आली. सीमेजवळ बनगावला त्यांच्यात कॉलरा पसरला. कॉलऱ्यात अंगातलं पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे शिरेतून सलाइन, असंच तेव्हा मानत. कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनाबिस तिथे पोचले, तेव्हा पेशंट जमिनीवर पडलेले होते. सलाइन पुरत नव्हतं आणि ते लावणारी शिकलेली माणसंही कमी होती.

साखर सोबत असली की आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, हे ढाका आणि कोलकात्यातल्या संशोधकांनी आधीच दाखवलं होतं. पण ते दवाखान्यात, डॉक्टर आणि नर्सच्या नजरेखाली. हे काम घरच्या माणसांवर सोपवायला बरेच डॉक्टर तयार नव्हते. महालनाबिस यांच्यापुढे मात्र दुसरी वाटच नव्हती. एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कोलकात्यात बांधल्या. बनगावला ते पाणी पिंपांत कालवलं आणि पिंपांना नळ बसवले. पेशंटच्या आया, बहिणी, नवरे पेल्यात पाणी घेऊन घोट घोट पाजत राहिले. अशा साथीत शंभरातली तीस माणसंही दगावत. इथे 3,700 हून अधिक पेशंटांवर उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात चारच्याही खाली राहिलं. डॉ. महालनाबिस 2022 साली वारले. दुसऱ्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

औषध सापडलं, पण ते घराघरात कसं न्यायचं? हे काम बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने केलं. तिथे खेडोपाडी पुड्या पोचवणं अवघड होतं. म्हणून घरातलंच मीठ आणि गूळ घेतला. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. 1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅकच्या बायका दारोदार फिरल्या. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत त्यांनी हे शिकवलं.

त्यांची शिकवायची रीत आपण नीट ऐकू. त्या नुसतं सांगून उठत नसत. आईला स्वतःच्या हाताने पाणी करायला लावत आणि कसं केलं ते तिच्याच शब्दांत वदवून घेत. काही आठवड्यांनी दुसरं माणूस त्यातल्या काही घरी अचानक जाई आणि त्या आईला काय आठवतं ते विचारी. तिला जेवढं आठवे, त्या हिशोबाने शिकवणारीला पैसे मिळत. किती घरं केली यापेक्षा किती जणींना खरंच कळलं, याला मोल होतं.

तरीही एक अडचण आली. बायकांना सगळं तोंडपाठ होतं, पण घरात मूल आजारी पडलं की फार थोड्या जणी ते पाणी करत. चौकशी केली तेव्हा कारणं कळली. तिथल्या बायकांच्या बोलण्यात जुलाबाला चार वेगवेगळी नावं होती. शिकवताना वापरलेला शब्द त्यांच्या लेखी फक्त कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबाचा होता. मग साध्या हगवणीला हे पाणी कोण देणार? दुसरं कारण म्हणजे, काही शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना ते काम कसं करतं ते दाखवलं. त्या आधी स्वतः पिऊन दाखवू लागल्या. बाजारात, मशिदीत जाऊन पुरुषांनाही सांगितलं. तेव्हा कुठे वापर वाढला.

आपल्याकडेही पातळ परसाकडे, हगवण, जुलाब, आव असे कितीतरी शब्द आहेत. सांगणारीने एक शब्द वापरला आणि ऐकणारीच्या मनात दुसराच आजार असला, तर पुडी फडताळातच राहते.

म्हणून आपल्या गटांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. औषध घेताना विचारायचं: हे कशासाठी, किती, कधी आणि किती दिवस? आणि दुसरीला सांगताना "कळलं का?" असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळ्याच जणी मान हलवतात. "आता तू मला करून दाखव," असं म्हणायचं.

गटाच्या येत्या बैठकीत पुडीपासूनच सुरुवात करू. ओआरएसची सगळी पुडी मोजून एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायची. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या तांब्यात नाही. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं. सोबत दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पुऱ्या करायच्या. बाळ मलूल झालं, पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठायचा, आणि वाटेतही घोट घोट पाजत राहायचं.

बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरातलं एक भांडं आणावं. त्यात लिटरभर पाणी कुठपर्यंत येतं ते मोजू आणि तिथे खूण करू.