सायबर सुरक्षा: जबाबदारी चेअरमनची, कॉम्प्युटरवाल्याची नव्हे

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 ऑगस्ट 2018 ला, शनिवारी, सायबर हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा उभारून 28 देशांतून पैसे काढले गेले. निपाणीशेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनसुद्धा! सोमवारी स्विफ्टमार्गे 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका 94 कोटींवर.

त्याच ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सांगितले, सायबर धोरण संचालक मंडळानेच मंजूर करायचे. बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना, निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनाही हेच लागू पडते. 'कॉम्प्युटरवाला पोरगा बघतो' म्हणून चालत नाही. बॅकअपला पैसे मंजूर करणे त्या पोराच्या हातात नसते. शिवाय 2022 पासून कंपन्यांनी असा हल्ला सहा तासांत सर्ट-इनला कळवायचा आहे. शनिवारी रात्री तो निर्णय मालकच घेणार ना?