मलिदा

‘कंत्राटाचा मलिदा लाटला’ हे वाचताना प्रार्थना कुणाला आठवेल? फारसी ‘मालीदन’ म्हणजे चोळणे. त्यातून चोळून-कुस्करून केलेला तो मलिदा. दर्ग्यात तो पोळी-गुळाचा असतो. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे मात्र भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, फळे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची हिब्रू स्तुती गाऊन, नवस फेडताना किंवा लग्नाआधी तो वाटतात. शेजाऱ्यांकडून उचललेला विधी अस्सल ज्यू कसा, असा आक्षेप असतो. नाव उसने खरेच. पण फळांवर म्हटले जाणारे आशीर्वाद हिब्रूच आहेत. शिवाय १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला, तरी मलिदा सुटला नाही. उलट तिथे तो भारतीय मुळांची खूण ठरला. इकडच्या मराठीत मलिदा आता बहुधा पुढारी आणि ठेकेदारच खातात.