मलबेरी बंदराचा तरता धक्का

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर जहाजे लावण्यासाठी ब्रिटिशांनी तयार केलेली तरती धक्का-रचना. शत्रूच्या ताब्यातील बंदर काबीज न करताही सैन्याला रसद पोचवणे, हा तिचा हेतू. येथे भरती-ओहोटीच्या पातळीत सहा मीटरहून अधिक फरक पडत असल्याने स्थिर धक्का निरुपयोगी ठरला असता.

धक्क्याच्या टोकाशी पोलादी तराफा असे. त्याचे चार उंच पाय समुद्रतळावर टेकत आणि तराफा पाण्याच्या पातळीप्रमाणे त्यांच्यावरून वरखाली सरके. ही कल्पना गाळ उपसणाऱ्या ड्रेजरवरून घेतली होती. तराफ्यापासून किनाऱ्यापर्यंत तरंडांवर टेकलेला, सुमारे २४ मीटर लांबीच्या गाळ्यांचा पूल असे. लाटांनी तरंडे कलली, तरी गाळे पीळ सोसून वाहनांना वाट देत. पुलाची आणि कमी वजनात घट्ट रुतणाऱ्या नांगराची रचना अभियंता ॲलन बेकेट यांनी केली. लाटा अडवण्यासाठी बाहेर काँक्रीटच्या प्रचंड पेट्या बुडवल्या होत्या.

१९ जून १९४४ रोजी सुरू झालेल्या वादळात अशा दोन मलबेरी बंदरांपैकी ओमाहा किनाऱ्यावरील अमेरिकी बंदर मोडले. आरोमांश येथील ब्रिटिश बंदर मात्र टिकले. तेथील काँक्रीटच्या पेट्यांचे अवशेष आजही दिसतात.