दृक्‌श्राव्य हजेरी, फौजदारी खटल्यातील (धाराशिव जिल्हा)

कोठडीतील आरोपीला न्यायालयात न नेता तुरुंगातून कॅमेऱ्याद्वारे कामकाजात सामील करून घेण्याची पद्धत. कोर्टाच्या आवारातील बोलीत ‘व्हीसीवर हजर’. जिल्हा कारागृह धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) शहरात, तर उमरगा, परंडा, भूम, कळंब येथील न्यायालये दूर. कैद्याला तारखेवर नेण्यास गाडी आणि पोलीस पहारा लागतो; तो मिळाला नाही की तारीख फुकट जाते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात, आरोपीला वारंवार ना प्रत्यक्ष ना व्हीसीवर हजर केल्याबद्दल तीव्र नाराजी नोंदवली. वर्षानुवर्षे खितपत पडणाऱ्या कच्च्या कैद्याला व्हीसी ही मोठी सोय आहे, हे मान्यच करायला हवे.

या पद्धतीचा कायदेशीर पाया म्हणून ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ (1 एप्रिल 2003) हा निकाल नेहमी सांगितला जातो. साक्षीपुरावा आरोपीच्या ‘समक्ष’ नोंदवावा, या तरतुदीत पडद्यावरील उपस्थितीही बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मात्र त्या खटल्यात पडद्यावर येणार होता तो अमेरिकेतील साक्षीदार. आरोपीच पडद्यावर असेल तर प्रश्न निराळा होतो, कारण आरोपी आणि त्याचा वकील यांची ताटातूट होते. उलटतपासणी चालू असताना ‘हा खोटं बोलतोय, त्या दिवशी मी गावात नव्हतो’ हे वकिलाच्या कानात सांगता येणे, हा बचावाचा गाभा आहे. तुरुंगातील खोलीत शेजारी पहारेकरी उभा असताना ते सांगायचे कसे? मुंबई उच्च न्यायालयात फाशी कायम करण्याच्या सुनावणीवेळी, 2010 मध्ये, अजमल कसाबला आर्थर रोड तुरुंगातून असेच पडद्यावर हजर केले होते. मात्र त्यावेळी पुरावा आधीच नोंदवून झाला होता.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. दोषारोप वाचून दाखवणे (कलम 251) आणि निकाल ऐकवणे (392) दृक्‌श्राव्य साधनांनी करता येते. कोठडीतील आरोपीचा जबाब असा घेतल्यास 72 तासांत त्याची सही घ्यावी लागते (316). पोलीस कोठडीसाठी मात्र कलम 187 प्रत्येक वेळी प्रत्यक्ष हजेरीच मागते. न्यायालयीन कोठडीची मुदत तेवढी व्हीसीवर वाढवता येते. हा भेद अत्यंत मोलाचा आहे: अंगावरचा वळ, लंगडत टाकलेले पाऊल दंडाधिकाऱ्याला समोर दिसते, चौकटीत फक्त चेहरा येतो.

म्हणून मुदतवाढीच्या तारखा व्हीसीवर घेण्यास हरकत नसावी. साक्षीदार तपासायचा असेल त्या दिवशी मात्र आरोपीला न्यायालयात आणावे. ते अशक्यच असेल, तर त्याला वकिलाशी खासगीत बोलता येईल अशी स्वतंत्र फोनजोडणी द्यावी आणि तो मागेल तेव्हा साक्ष थांबवावी. संविधानाच्या अनुच्छेद 22 ने अटक झालेल्याला दिलेला, वकिलाशी विचारविनिमय करण्याचा हक्क याहून कमी सोयीत पुरा होत नाही.