चार सेंट आणि अर्धा सेंट

कापूस फार पिकला म्हणून पिकविणारा बुडाला, हें वऱ्हाडांतील मंडळींस समजावून सांगावयास नको. अमेरिकेंत १९३१ सालीं १ कोटी ७० लक्ष गासड्यांचें पीक आलें आणि १९२९ सालीं पौंडास सुमारें १७ सेंट असलेला भाव १९३२ पर्यंत साडेसहाच्या आसपास घसरला. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें मे १९३३ मध्यें कायदा केला कीं, जो पीक कमी करील त्यास अनुदान द्यावें. परंतु तोंवर पेरणी उरकली होती! तेव्हां त्या उन्हाळ्यांत सुमारें १ कोटी एकर उभ्या कापसावर नांगर फिरविण्यांत आला. जन्मभर दोन ओळींमधून चालण्यास शिकविलेलीं खेचरें रोपांवर पाय ठेवीनात, असें सांगतात. माणसांस मात्र तें करावें लागलें.

पैसा आला, यांत संशय नाहीं. तो कोणाच्या हातीं गेला, हें पाहण्यासाठीं आर्कान्सा संस्थानांतील पॉइन्सेट काउंटीकडे वळूं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच मुलकी विभाग. येथें जमीन मळेवाल्यांची. कसणारीं गोरीं व काळीं कुळें अर्ध्या वाट्यावर. खेचर, बियाणें, खोपट मालकाचें. वर्षाचें धान्य उधारीचें.

१९३४-३५ च्या करारांत अनुदानाचे दोन भाग होते. पडीक ठेवलेल्या जमिनीचें भाडें पौंडामागें साडेतीन सेंट. अशा कुळांच्या बाबतींत तें सर्वस्वीं मालकाचें. भावांतील तूट भरून काढण्यासाठीं आणखी एक सेंट. तो मात्र निमेनिम. म्हणजे मालकास चार सेंट, कुळास अर्धा. दोन हजार पौंडांचा हिशेब धरल्यास मालकास ८० डॉलर, कुळास १०. आणि या दहांतूनहि पुष्कळदां जुनी उधारी वळती होई. त्रैराशिक शिकवितांना इतकें निर्दय उदाहरण मला कधीं सुचलें नाहीं.

करारांत सातवें कलम होतें: शक्य असेल तोंवर कुळांची संख्या कमी करूं नये. 'शक्य असेल तोंवर' या तीन शब्दांनीं तें कलम गिळून टाकलें. तक्रारीची चौकशी स्थानिक समितीकडे, आणि समित्यांवर वर्चस्व मळेवाल्यांचें!

टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून १९३४ च्या आरंभीं वीसाहून अधिक कुटुंबें घालविण्यांत आलीं. जुलैंत तेथल्याच एका शाळागृहांत ११ गोरे व ७ काळे पुरुष जमले. त्यांतील एक काळा सभासद १९१९ सालीं एलेन येथें रक्तपातानें मोडलेल्या कुळसंघांत होता. गोऱ्यांचा व काळ्यांचा संघ वेगळा काढावा काय, असा प्रश्न निघाला. त्या काळीं, त्या मुलखांत, एकच संघ काढण्याचें ठरलें. माझ्या मतें या सबंध प्रकरणांतील खरें धैर्य तें हेंच.

संघ कोर्टांत गेला, पण दावा टिकला नाहीं. करार सरकार आणि जमीनदार यांच्यामधला होता, कूळ त्यांत पक्षकारच नव्हतें. खात्यांतील जेरोम फ्रँक प्रभृति वकिलांनीं 'केवळ संख्या नव्हे, तींच माणसें ठेवलीं पाहिजेत' असा कलमाचा अर्थ लावला. फेब्रुवारी १९३५ मध्यें त्यांनाच दूर करण्यांत आलें.

पुढें कायदा बदलला, कुळाचा वाटाहि वाढला. पण रोजंदारीच्या मजुरास अनुदानांत वाटाच नव्हता. म्हणून मळेवाल्यास कुळापेक्षां मजूर परवडूं लागला, आणि हातीं आलेल्या पैशांतून ट्रॅक्टरहि आले. दक्षिणेंत १९३० सालीं अर्ध्या वाट्याचीं सुमारें ७,७६,००० कुळें होतीं. १९४० सालीं ५,४१,००० उरलीं.