कागदावरचे चार सूर

भजनात एकजण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. सगळ्यांची चाल एकच, त्यामुळे कान तयार असला की भागते. चर्चच्या क्वायरमध्ये मात्र एकाच शब्दावर सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार वेगळे सूर येतात. सोप्रानोकडे बहुधा मूळ चाल असते, ती ऐकून पाठ होते. आल्टोच्या वाट्याला पुष्कळदा गुणगुणण्याजोगे काहीच येत नाही. शेजारची सोप्रानो जोरात गायली की आल्टोवालेही नकळत तिच्यामागे जातात. म्हणून कागद लागतो.

या कागदाचे कूळ इटलीतल्या आरेत्सोपर्यंत जाते. इ.स. १०२५च्या सुमारास ग्वीदो नावाचा साधू तिथे गाणाऱ्या मुलांना शिकवत होता. तोवर स्तोत्रांच्या शब्दांवर ज्या खुणा करत, त्यांवरून सूर चढतो की उतरतो एवढेच बहुधा कळे. किती चढतो, ते गुरूच्या तोंडून ऐकावे लागे. ग्वीदोने स्वर रेघांवर लिहिण्याची पद्धत पक्की केली. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रात पहिल्या सहा ओळींपैकी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक स्वर वर सुरू होते. त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून त्याने ऊत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे घेतली. ‘ऊत’चा ‘दो’ पुढे झाला, सातवा स्वर ‘सी’ही मागाहून आला. ज्याला दहा वर्षे पुरत नसत ते एका, फार तर दोन वर्षांत येते, असे त्याने एका मित्राला पत्रात कळवले.

पोर्तुगीजांबरोबर ही विद्या गोव्यात आली आणि पॅरिश शाळांत रुजली. तिथे मुले सोल्फेजो, म्हणजे स्वरनावांनी गायचे पाठ, घोकत, व्हायोलिनही शिकत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चचे क्वायरमास्टर होते. अँथनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले आणि संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात १९७७ साली त्यांचेच नाव आले.

इंग्लंडमध्ये वेगळी वाट निघाली. नॉरिचच्या सारा ग्लोव्हर यांनी रेघाच काढून टाकल्या आणि स्वरांची अक्षरे लिहिली. ‘सोल’ आणि ‘सी’ यांचे पहिले रोमन अक्षर एकच येई, म्हणून ‘सी’चा ‘ती’ केला. जॉन करवेन या पाद्र्याने हीच ‘टॉनिक सोल्फा’ पद्धत सुधारून पसरवली. तिच्यात ‘दो’ सरकता असतो. आपल्याकडे पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, सा तो सा, तसेच हे. मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत गेली, मिझोरममध्येही रुजली.

मिशनरी महाराष्ट्रातही आले. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. मिशनचे मोठे केंद्र तेव्हाचे अहमदनगर होते. या मिशनचे हेन्री बॅलेंटाईन यांनी इंग्रजी छंदांत मराठी गीते लिहिली, म्हणजे परक्या चालीत मराठी शब्द बसवले. कृष्णराव सांगळे यांनी देशी चाली आणि ख्रिस्ती कीर्तन आणले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी भजन-अभंगांची गोडी उपासनेत आणली. हे वळण योग्यच होते, कारण लोक त्या चाली मनापासून गाऊ लागले. पण भजनाला कागद लागत नाही. मराठी गीतपुस्तकात शब्दांवर ‘चाल’ लिहिली की पुरे. संगीत नाटकांच्या पुस्तकांतही हीच रीत होती.

तरीही चार सुरांचे गाणे शिकण्याजोगे आहे, आणि शिरूर-दौंडकडच्या गायकाला त्याची निम्मी तयारी घरचीच असते. भातखंड्यांच्या मराठी पुस्तकांत मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू असतो. सोल्फात त्याच कामाला अक्षराजवळ वर-खाली छोटा आकडा येतो. आधी कागदावरचा ‘दो’ शोधायचा आणि त्याला सा म्हणायचे. मग आपली ओळ एकट्याने सरगममध्ये म्हणायची, नंतर फक्त बासबरोबर. सोप्रानोला सगळ्यात शेवटी बोलवायचे.